चार पॉइंट सहा

आमच्या सोसायटीच्या गणपतीत दोन वर्षांपूर्वी जे झालं, त्याला दुर्घटना म्हणायचं की नाही यावर अजून एकमत नाही. एक इंजिन वितळलं, आठ-दहा हजारांचा एक साउंड डिकोडर गेला, कापसाचा एक ढग करपला. माणसाला काही झालं नाही, मूर्तीला धगही लागली नाही. सेक्रेटरीसाहेबांनी वार्षिक सभेत 'किरकोळ तांत्रिक अडचण' म्हणून विषय संपवला. इंजिन माझं होतं, म्हणून मी दुर्घटनाच म्हणतो. हॉलमधल्या सीसीटीव्हीमुळे वेळा मिनिटापर्यंत सांगता येतात.

आदल्या रात्री ११.४० (वीस तास सत्तेचाळीस मिनिटं आधी)

देखावा होता बोरघाटाचा. कर्जत ते लोणावळा, त्यातही ठाकुरवाडी, मंकी हिल आणि एक बोगदा. खऱ्या घाटात चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढते. गाडीला मागून रेटायला कर्जतला बँकर इंजिनं लागतात, लोणावळ्याला ती सुटतात आणि रिकामी खाली येतात. हे सगळं १:८७ या प्रमाणात. रूळ १६.५ मि.मी. अंतराचे, आपल्या ब्रॉडगेजच्या हिशेबानं १९ हवेत, पण बाजारात तयार मिळतात ते साडेसोळाचे, आणि इतक्या बारीक चुका शोधणारे लोक आरतीला येत नाहीत.

घरची पाच टेबलं पूर्वीपासून जोडलेली. हॉलसाठी तीन नवी केली होती. टेबलाखालून तारांची एक मुख्य जोडी जाते, तिला आमच्या छंदात 'बस' म्हणतात. तिच्यातून दर मीटरला फीडर वर आणून रुळाला डाग द्यायचा, असा नियम. घरच्या टेबलांखाली अडीच स्क्वेअर एमएमची तार आहे. शेवटच्या टेबलाशी ती संपली. चतुर्थीच्या आदल्या रात्री बुधवार पेठेत शिरून तपकीर गल्लीतून तार आणायची कल्पना ज्याला करायची त्यानं करावी. घरात जुन्या म्युझिक सिस्टीमची स्पीकरची वायर पडून होती, सात मीटर. एक लाल, एक काळी, केसासारख्या तांब्याच्या तारांची. ती लावली. फीडरही एकच दिला, पुढचे रूळ एकमेकांना जोडणाऱ्या फिशप्लेटांच्या भरवशावर सोडले.

पुतण्या म्हणाला, ''काका, ही फार बारीक नाही का?''

''चार दिवसांचा तर प्रश्न आहे,'' मी म्हणालो.

सकाळी ९.२० (अकरा तास सात मिनिटं)

वीज सोडली आणि रुळांना वीज पुरवणारा बूस्टर टक् करून बंद पडला. दोन सेकंदांनी आपोआप सुरू झाला, पुन्हा टक्.

ज्यांच्या लहानपणी खेळण्यातली आगगाडी होती, त्यांना एक ट्रान्सफॉर्मर आठवत असेल. बटण फिरवलं की रुळावर शून्यापासून १२ व्होल्ट चढायचे, गाडी तितकी पळायची. करंट जेमतेम एक अँपिअर. रुळावर चमचा पडला तर ट्रान्सफॉर्मर थोडा कण्हायचा, बस. आता आम्ही वापरतो ती डीसीसी नावाची डिजिटल पद्धत. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या कामावरून अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेनं १९९०च्या दशकात तिचं प्रमाणीकरण केलं. हिच्यात रुळांवर कायम पूर्ण वीज असते, माझ्याकडे १५ व्होल्ट. ती सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलते आणि त्या बदलांतच इंजिनांसाठीचे हुकूम दडलेले असतात. प्रत्येक इंजिनाच्या पोटातला डिकोडर आपल्या नावाचा हुकूम ओळखतो आणि तेवढाच पाळतो. त्यामुळे एकाच रुळावर पाच इंजिनं पाच तऱ्हांनी चालवता येतात. किंमत एवढीच की गाडी उभी असली तरी रुळावरची वीज उभी नसते. माझा बूस्टर पाच अँपिअरचा. १५ गुणिले ५, म्हणजे ७५ वॅट. डाग द्यायचा लहान आयर्न २५ वॅटचा असतो. तसे तीन आयर्न रुळावर कुठं तरी ठेवलेत आणि कुठं ते मात्र माहीत नाही, अशी ही परिस्थिती.

सकाळच्या त्या टक्-टक्‌मागे शॉर्टसर्किट नव्हतंच. आवाजवाल्या डिकोडरांमध्ये कपॅसिटर असतात, वीज येताच ते सगळे एकदम भरून घ्यायला लागतात. क्षणभर इतका करंट ओढला जातो की बूस्टरला वाटतं रुळावर पक्कड पडली. पाच इंजिनं, पाच तहानलेले कपॅसिटर. यावर उपाय सोपा आहे: मांडणीचे भाग पाडायचे आणि एकेक भाग सावकाश सुरू करायचा. त्याला आणखी तारा आणि बटणं लागतात, आणि गुरुजी साडेदहाला येणार होते. मी बूस्टरच्या सेटिंगमध्ये गेलो. तुटण्याची मर्यादा तीन अँपिअरवर होती, ती पाचवर नेली. तुटण्याआधी किती वेळ वाट पाहायची तो आकडाही वाढवला. पुन्हा वीज सोडली. टक् नाही. पाचही इंजिनं एकदम घुमायला लागली. हॉल झाडणाऱ्या मावशीसुद्धा केरसुणी थांबवून बघत राहिल्या.

एक चाचणी बाकी होती. रुपयाचं नाणं घ्यायचं आणि दोन्ही रुळांवर आडवं टेकवायचं. बूस्टरनं तत्क्षणी मान टाकली तर त्या जागेची जोडणी ठीक. नाही टाकली तर तार बारीक, लांब किंवा सांधा सैल. वीतभर पुढे जायचं, पुन्हा नाणं. जगभर मॉडेल रेल्वेवाले हेच करतात, नाणं फक्त ज्याच्या त्याच्या देशाचं. माझी घरची पाच टेबलं झाली, आणि दारात गुरुजी. दक्षिणेच्या एकशे एकमधला वरचा एक कुणाकडे सुटा नव्हता. हातातलं नाणं मी ताटात टाकलं.

सकाळी ११.५० (आठ तास सदतीस मिनिटं)

प्राणप्रतिष्ठा झाली. आम्ही बोगद्यातून मालगाडी काढली, टाळ्या पडल्या.

दुपारी ३.१५ (पाच तास बारा मिनिटं)

इथं मी थांबायला हवं होतं. घाटमाथ्याच्या टेबलावर आली की इंजिनं मंदावत होती आणि हॉर्न मधेच तुटत होता. मीटर लावला. साधा मीटर डीसीसीची लहर अचूक मोजत नाही, पण दोन जागांची तुलना करायला चालतो. बूस्टरपाशी १५. शेवटच्या टेबलावर गाडी दोन अँपिअर ओढत असताना १२. तीन व्होल्ट वाटेत सांडले होते. तीन भागिले दोन, दीड ओहम. सगळा अडथळा त्या स्पीकरच्या वायरीत आणि एकट्या फीडरपासून पुढे फिशप्लेटांच्या साखळीत.

दीड ओहम ऐकायला क्षुल्लक वाटतं. मलाही तसंच वाटलं. मी चढावरच्या इंजिनांचा वेग दोन घरं वाढवला आणि जेवायला गेलो.

संध्याकाळी ७.३५ (बावन्न मिनिटं)

हॉल भरला. टेबलाखालचे बूस्टर-बिस्टर लोकांना दिसू नयेत म्हणून डेकोरेशन कमिटीनं पुढून साटिनचा जांभळा पडदा खाली सोडला होता. बूस्टरचा आकडे दाखवणारा पडदाही त्यामागेच गेला. अण्णा खुर्ची घेऊन पुढे बसले. अण्णा मध्य रेल्वेत गार्ड होते, त्यांची निम्मी नोकरी या घाटात गेली. त्यांना माझं डब्ल्यूसीजी-२ आवडतं. १५०० व्होल्ट डीसीच्या जमान्यातलं हे चित्तरंजनचं इंजिन घाटात बँकर म्हणून राबलं. माझ्याकडची तिन्ही विदेशी सांगाड्यांवर प्लास्टिकचे पत्रे कापून चार-चार महिन्यांत उभी केलेली.

अण्णा माझ्या पुतण्याला कॅच सायडिंग समजावत होते. घाटात उतारावर मुख्य मार्गातून एक आंधळी वाट फुटते आणि वर डोंगरात चढते. उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक गेला तर ती तिकडे वळते आणि चढावर दम सोडते. ''म्हणून सांधा कायम सायडिंगकडे असतो, बाळा,'' अण्णा म्हणाले. ''गाडी आधी थांबायची, ताब्यात आहे हे सिद्ध करायची, मगच तिला सरळ वाट. आणि गाडी गेली की सांधा पुन्हा सायडिंगकडे. विसरायचं नाही.''

पुतण्या विसरला नाही.

७.५८ (एकोणतीस मिनिटं)

रिकामी उतरणारी तीन बँकर बोगद्याबाहेर आली, कॅच सायडिंगचा सांधा ओलांडू लागली आणि समोर तबक पेटलं. आरतीत हॉर्न नकोत म्हणून मी हातातल्या कंट्रोलरवर 'सर्व थांबवा' दाबलं. सगळी इंजिनं जागच्या जागी थांबली. हे बटण इंजिनांना थांबायचा हुकूम देतं, रुळावरची वीज तोडत नाही. वीज तोडायचं बटण शेजारीच होतं, पण ते दाबलं तर नंतर पाचही कपॅसिटर पुन्हा एकदम भरणार, ही सकाळची धास्ती.

शेवटच्या बँकरची पुढची बोगी सांध्यापलीकडे गेली होती. मागची नेमकी फ्रॉगवर उभी होती. दोन वाटांचे रूळ एकमेकांना छेदतात तो धातूचा कोन म्हणजे फ्रॉग. सांधा सरळ असेल तर त्याला एका रुळाची वीज द्यावी लागते, वळवला की दुसऱ्याची. हा बदल सांध्याच्या मोटरीला जोडलेला छोटा स्विच आपोआप करतो.

८.०१ (सव्वीस मिनिटं)

गणपतीची आरती दुसऱ्या कडव्यावर असताना, फुटेजमध्ये स्पष्ट दिसतं, पुतण्या टाळ्या वाजवता वाजवता एका हातानं पॅनेलवरचं बटण दाबतो. सांधा सायडिंगकडे. गाडी गेली की सांधा परत करायचा, आणि त्याच्या दृष्टीनं गाडी गेली होती. पाती मोकळी होती, फिरली. स्विच फिरला. फ्रॉगची वीज बदलली.

इंजिनाची मागची बोगी आता एका विजेवर आणि पुढची दुसऱ्या विजेवर. दोन्ही बोग्यांची एकाच बाजूची चाकं आत एका बारीक तारेनं जोडलेली असतात. म्हणजे बूस्टरच्या दोन टोकांमध्ये आता माझं डब्ल्यूसीजी-२ आडवं पडलं होतं.

वाटेतला दीड ओहम तर होताच. शिवाय चाकावर घासून वीज घेणाऱ्या कांस्याच्या पत्र्या, दिवसभराच्या धुरळ्यानं आणि तेलानं मळलेल्या. त्यांचा दोन-सव्वादोन धरा. एकूण साडेतीन-पावणेचार ओहम. १५ भागिले तेवढे, चार अँपिअरच्या जरा वर. उभ्या इंजिनांचे दिवे आणि डब्यांतले बल्ब मिळून अर्धा. एकूण साडेचारच्या आसपास.

सकाळची तीनची मर्यादा असती तर बूस्टर त्याच क्षणी तुटला असता. आता तिथं पाच होते. तार जाड असती तर करंट पाचच्या पुष्कळ पुढे गेला असता आणि तरीही तुटला असता. बारीक तारेनं शॉर्टसर्किटला नेमकं तेवढं आवरलं की बूस्टरला ती जरा जास्त भुकेली गाडी वाटावी. हॉलच्या एमसीबीचा तर संबंधच नाही. ७५ वॅट म्हणजे २३० व्होल्टवर एक तृतीयांश अँपिअर, एखाद्या पंख्याएवढं.

८.०९ (अठरा मिनिटं)

शंकराची आरती. इंजिनाच्या पोटात, पत्र्या आणि चाकं यांच्यामध्ये, साधारण ३५ वॅट उष्णता सलग निघत होती. बोगीची चौकट पॉलिस्टायरीनची. हे प्लास्टिक शंभर अंशांच्या आसपास नरम पडतं.

८.१९ (आठ मिनिटं)

देवीची झाली, विठोबाची सुरू होती. वास याच सुमारास सुटला असणार. मी दोन पावलांवर उभा होतो. समोर कापूर, शेजारी ऊद, मागे बी विंगच्या वहिनींनी लावलेल्या चंदनाच्या उदबत्त्या. माझ्याइतकं जळकं प्लास्टिक हुंगलेला माणूस त्या हॉलमध्ये दुसरा नव्हता, आणि मला काही कळलं नाही. मी डोळे मिटले होते.

८.२४ (तीन मिनिटं)

घालीन लोटांगण. सगळे स्वतःभोवती फिरत होते. चौकट खचली. मागची बोगी एका अंगावर बसली, तिच्यातून वर जाणाऱ्या तारांचं आवरण वितळून रुळाची वीज आणणारी तार मोटरीच्या तारेला टेकली. मोटरीकडे डिकोडरनं वीज पाठवायची असते. तिकडून उलटी रुळाची वीज आत आली की डिकोडर एक सेकंदही तग धरत नाही. हे सगळं नंतर इंजिन उघडल्यावर कळलं. चिपवर मोहरीएवढा खड्डा पडला होता.

८.२७

मंत्रपुष्पांजली संपली, आणि बोगद्याच्या तोंडाशी निळसर धुराची एक रेघ वर चढली.

पहिल्या रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागच्यांनी वाजवल्या. कुणी तरी म्हणालं, ''वा, वाफेचं इंजिन!'' अण्णा मात्र खुर्चीतून उठले. त्यांच्या तोंडचं वाक्य फुटेजमध्ये ऐकू येत नाही, मला आलं: ''इलेक्ट्रिक इंजिनाला धूर कसला?''

बोगद्यावरचा कापसाचा ढग कडेनं तपकिरी व्हायला लागला होता. मी साटिनचा पडदा वर केला. बूस्टरचा हिरवा दिवा शांतपणे जळत होता आणि आकडा होता ४.६. कंट्रोलर, बटणं काही सुचलं नाही. भिंतीतला प्लगच ओढला.

थर्मोकोलवर २०१८पासून राज्यात बंदी आहे. आमचे डोंगर म्हणून कागदाच्या लगद्याचे होते, आणि लगदा दमट असल्यामुळे फक्त काळवंडला. त्या बंदीला तोपर्यंत आम्ही फार शिव्या घातल्या होत्या.

रात्री ९.४५

प्रसाद वाटून झाला. मंडपाचा इलेक्ट्रिशियन दादा खाली बसून तारा बघत होता. मी त्याला सकाळचं सगळं सांगितलं: टक्-टक्, तीनचे पाच, वाट पाहायचा वाढवलेला वेळ. त्यानं ऐकून घेतलं.

''म्हणजे फ्यूज उडत होता म्हणून तुम्ही किटकॅटमध्ये जाड तार घातलीत.''

मी काही बोललो नाही. पुतण्या रडवेला होऊन उभा होता, त्याला वाटत होतं सगळं त्याच्यामुळे झालं. अण्णांनी त्याला जवळ घेतलं. म्हणाले, ''तू नियमानं वागलास. काका नाही वागले.'' सोसायटीत हे वाक्य अजून माझ्या नावावर जमा आहे.

रात्री ११.१०

तारेचं एक वेटोळं दादाकडे होतं, अडीच स्क्वेअर एमएमचं. स्पीकरची वायर उपटून फेकली. नव्या टेबलांना दर मीटरला फीडर दिले, पुतण्यानं रूळ धरले, मी डाग दिले. बसच्या शेवटच्या टोकाला १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एका ओळीत जोडून दोन तारांमध्ये आडवा टाकला. लांब तारेत वाहणारा करंट एकदम तुटला की टोकाशी व्होल्टेजचा झटका उसळतो आणि धडधाकट डिकोडरही त्यानं मरू शकतो. बूस्टर खरोखर तुटायला लागणार होता, तर त्या झटक्याची सोय आधी करायला हवी होती. मर्यादा परत तीनवर आणली.

नाणं पाहिजे होतं. आरतीच्या तबकातून एक रुपया घेतला, दहाची नोट ठेवली.

आठ टेबलं, एक्केचाळीस जागा. दोन ठिकाणी बूस्टरनं अर्धा सेकंद विचार केला. तिथल्या फिशप्लेटा ओढून काढल्या, घासल्या, डाग दिला, पुन्हा नाणं. टक्. सकाळी जो आवाज मला बंद करायचा होता, तो आता एक्केचाळीस वेळा मुद्दाम ऐकला.

दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी ६.३०

मांडणीचे तीन भाग पाडले होते, प्रत्येकाला वेगळं बटण. एकेक सुरू केला की कपॅसिटरांची झुंबड होत नाही. इलेक्ट्रॉनिक ब्रेकर मिळतात, मिलिसेकंदांत तुटतात, पण ते परदेशातून मागवायचे आणि विसर्जनाला उरले होते नऊ दिवस. म्हणून प्रत्येक भागाच्या तारेत मोटारीच्या मागच्या दिव्याचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घातला. हा जुना जुगाड आहे. थंड असताना बल्बचा अडथळा अगदी थोडा, गाडी बिनतक्रार चालते. शॉर्ट झाला की फिलामेंट तापतं, अडथळा चढतो आणि करंट पावणेदोन-दोन अँपिअरच्या पुढे जात नाही. बूस्टरला कळायच्या आधीच बल्ब पेटून उभा. त्याची काच मात्र चांगली तापते, म्हणून तिन्ही बल्ब पत्र्याच्या पट्टीवर, कापसापासून हातभर लांब, आणि मुद्दाम पडद्याच्या बाहेर लावले. शाबूत राहिलेल्या दोन बँकरांच्या मागे एक रिकामी जागा होती, तिथं कुणी तरी खेळण्यातली बैलगाडी ठेवली.

पावणेसातला एका वाघिणीचं चाक रुळावरून घसरलं आणि मधला बल्ब भपकन पेटला. मी उठायच्या आत बी विंगच्या वहिनी शेजारणीला सांगत होत्या, ''यंदा सिग्नलही केलेत बघ.''